जुनी एमएक्स-५ : आधी गंज बघा

प्रश्न : नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. हौसेने १९९१ची माझदा एमएक्स-५ घेतलीय, १.६ इंजिनवाली. बजेट बेताचंच आहे. मागच्या चाकाच्या पुढे पत्र्याला फुगे आलेत, क्लच पेडल मधेच खाली बसतं, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचा कागद नाही. गॅरेजवाला म्हणतो फुगे घासून रंग मारू आणि क्लच प्लेट नवीन टाकू. आधी काय करू?

उत्तर : आधी ते फुगे, बाकी सगळं नंतर! आणि नुसता रंग अजिबात मारू देऊ नका, कारण तो गंज आतून बाहेर येतोय. कापडी छताच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या असतात, त्या पानांनी-कचऱ्याने तुंबल्या की पाणी खालच्या सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीत) साचतं आणि पत्रा आतून खाऊन टाकतं. नळ्या मऊ लवचिक वायरने हळूच साफ करा, जोर लावलात तर नळी आत निसटते आणि पाणी थेट कार्पेटखाली. सिल हा गाडीच्या ताकदीचा भाग आहे, तिथे भोक सापडलं तर एमओटीला (तिथल्या सक्तीच्या वार्षिक गाडी-तपासणीला) गाडी फेल होते आणि लांबी (पुटी) भरून चालत नाही, सडलेला पत्रा कापून नवीन वेल्डच करावा लागतो. तुमचे पैसे इथे जाऊ द्या.

क्लचचं म्हणाल तर प्लेट गेली असेल तर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. पेडल खाली बसतंय म्हणजे बहुतेक स्लेव्ह सिलेंडर (पेडलचा दाब तेलाच्या जोरावर क्लचपर्यंत पोचवणारा छोटा पार्ट) गळतोय, त्याचं रबर ओलं दिसतंय का बघा. हा पार्ट स्वस्तात मिळतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही आणि थोडा हात चालत असेल तर घरीही होतं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा, ६०,००० मैलांना बदलतात. या इंजिनात तो तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाहीत, गाडी फक्त जागेवर बंद पडते, त्यामुळे घाबरू नका पण कागद नाही म्हणजे बदललाच नाही असं धरा. बेल्ट काढल्याशिवाय वॉटर पंप निघत नाही, म्हणून दोन्ही एकदमच करा, मजुरी एकदाच लागेल. तेव्हाच क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली बघून घ्या. समोर चार खाचा असतील तर तो जुना आखूड नाकाचा क्रँक, त्याचा बोल्ट ढिला झाला की दांड्यावरची लोखंडी खुंटी (की) बसते ती खाच झिजते आणि मग खर्च मोठा. आठ खाचा असतील तर ती चिंता नाही.