वाचकांचे प्रश्न : ‘फ्रेंड्स’ची नामांकने आणि पुरस्कार

या अंकासाठी बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेला मिळालेल्या सन्मानांविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ‘फ्रेंड्स’ला अमेरिकी टेलिव्हिजनच्या एमी पुरस्कारांची साठाहून अधिक नामांकने मिळाली होती, असे वाचनात आले. मग प्रत्यक्ष पुरस्कार इतके थोडे का? मालिका लोकप्रिय होती, पण दर्जेदार नव्हती, असा याचा अर्थ घ्यायचा का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : मालिकेला एकूण ६२ नामांकने मिळाली आणि पुरस्कार मिळाले ६. १९९६ मध्ये मायकल लेम्बेक यांना दिग्दर्शनाचा, १९९८ मध्ये लिसा कुड्रो यांना सहाय्यक अभिनेत्रीचा, २००० मध्ये ब्रूस विलिस यांना पाहुण्या अभिनेत्याचा, २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा आणि त्याच वर्षी जेनिफर अ‍ॅनिस्टन यांना प्रमुख अभिनेत्रीचा, तर २००३ मध्ये क्रिस्टिना अ‍ॅपलगेट यांना पाहुण्या अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. नामांकनांच्या आकड्यात संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन अशा पडद्यामागच्या कामांचाही वाटा आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

आता पुरस्कार थोडे का, याचे पहिले उत्तर स्पर्धेत आहे. ‘फ्रेंड्स’ सप्टेंबर १९९४ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, आणि त्याच वाहिनीवरच्या ‘फ्रेझर’ या मालिकेने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिला नाही. १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी ‘फ्रेंड्स’ला नामांकन होते आणि दोन्ही वर्षी ‘फ्रेझर’ने बाजी मारली. पुढे १९९९ मध्ये ‘अ‍ॅली मक्बील’ आणि २००० मध्ये ‘विल अँड ग्रेस’ पुढे गेल्या. २००२ मध्ये, आठव्या सीझनसाठी, अखेर मान मिळाला, तेव्हा मालिका अमेरिकेत त्या हंगामातली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र २००४ ची आहे. ६ मे २००४ रोजी मालिकेचा शेवटचा भाग पाच कोटींहून अधिक अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिला, आणि त्या वर्षी सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेच्या पाच नामांकनांत ‘फ्रेंड्स’चे नावच नव्हते. पुरस्कार ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या पहिल्याच सीझनच्या, तुलनेने फार थोड्या लोकांनी पाहिलेल्या मालिकेला मिळाला. लोकप्रियतेचे माप आणि मतदारांचे माप वेगळे असते, एवढेच यातून सिद्ध होते. दर्जाविषयीचा आपला निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्या मालिकेचे काम दहा वर्षांत ६२ वेळा व्यवसायातल्याच जाणकारांनी निवडले, तिला दर्जा नव्हता असे म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : हे पुरस्कार ठरवतो कोण? प्रेक्षकांची मते घेतली जातात का?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : नाही. टेलिव्हिजन अकादमी या संस्थेचे सदस्य, म्हणजे या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणारी माणसे मतदान करतात. अभिनयाची नामांकने नट ठरवतात आणि दिग्दर्शनाची दिग्दर्शक; सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी मात्र सर्व शाखांचे सदस्य मत देतात. १ जून ते पुढच्या वर्षीचा ३१ मे या काळात प्रसारित झालेले काम विचारात घेतले जाते, नामांकने साधारणपणे जुलैमध्ये जाहीर होतात आणि सोहळा सप्टेंबरमध्ये होतो. आपले नाव प्रमुख भूमिकेच्या विभागात द्यायचे की सहाय्यक भूमिकेच्या, हे नट आणि निर्माते स्वतःच ठरवतात. नामांकन मिळालेल्या नटाचा वर्षभरातला एक भाग नमुना म्हणून मतदारांसमोर ठेवला जातो. शेवटच्या या दोन बाबी पुढच्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या आहेत.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यसंघ आहे आणि गांधी नगरगृहात आम्ही अधूनमधून एकांकिका करतो. ‘फ्रेंड्स’च्या सहा मुख्य कलाकारांपैकी कोर्टनी कॉक्स यांनाच या मालिकेसाठी एकदाही एमीचे नामांकन मिळाले नाही, हे खरे का? खरे असेल, तर त्यांचे काम इतरांपेक्षा कमी प्रतीचे होते असे समजावे काय?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : ते खरे आहे, आणि त्यांचे काम मुळीच कमी प्रतीचे नव्हते.

चौथ्या सीझनमधला प्रश्नमंजूषेचा प्रसंग आठवून पाहा. एका बाजूला मोनिका (ही कॉक्स यांची भूमिका) आणि रेचेल, दुसऱ्या बाजूला त्यांचे मित्र जोई आणि चँडलर. रॉस हातात प्रश्नांची कार्डे घेऊन परीक्षक झालेला. आणि पणाला लागलेले आहे मुलींचे प्रशस्त घर. या प्रसंगात टाळ्या घेणारी वाक्ये जवळजवळ सर्वांच्या वाट्याला आलेली आहेत, आणि चँडलर नेमकी कसली नोकरी करतो हे त्याच्या जिवलग मैत्रिणींना सांगता येत नाही, या क्षणाला रेचेलचे उत्तर सर्वाधिक हशा मिळवते. पण हा सारा डाव उभा राहतो तो मोनिकाच्या जिंकण्याच्या हट्टावर. पैज वाढवायला तीच तयार होते, तिचा आवाज चढत जातो, खांदे आखडतात, आणि ती इतक्या जिवावर उदार होऊन खेळते म्हणून पाहणाऱ्यालाही हरण्याची धास्ती वाटते. कॉक्स यांनी तो हट्ट क्षणभर जरी ढिला सोडला असता, तरी रेचेलच्या त्या उत्तरावर कोणी हसले नसते. गाण्याच्या मैफलीत ठेका धरून ठेवणाऱ्या तबलजीचे जे काम, ते त्यांनी येथे केले आहे.

असे काम एक भाग नमुना म्हणून निवडून दाखवणे फार अवघड असते. कुड्रो यांची फीबी विक्षिप्त आहे, तिचे वेगळेपण एका भागातही ठळक दिसते. त्यांना सहाय्यक अभिनेत्रीची सहा नामांकने मिळाली, यात नवल नाही आणि गैरही नाही. मोनिकाचे मोल मात्र दहा सीझन सलग पाहणाऱ्यालाच कळते.

विभागाच्या निवडीचाही परिणाम झाला. सहाही भूमिका समान महत्त्वाच्या असूनही सुरुवातीची कित्येक वर्षे सर्वांनी सहाय्यक विभागात नावे दिली, कारण कोणी एकाने स्वतःला प्रमुख म्हणवून घ्यावे हे त्यांना मान्य नव्हते. मोबदल्याची बोलणीही हे सहा जण एकत्र करत असत, तेव्हा हा निर्णय त्यांच्या एकूण वागण्याला धरूनच होता. आठव्या सीझनपासून त्यांनी प्रमुख भूमिकेच्या विभागात नावे द्यायला सुरुवात केली. त्यानंतर अ‍ॅनिस्टन आणि मॅट लेब्लांक यांना सलग तीन वर्षे नामांकने मिळाली, मॅथ्यू पेरी यांना २००२ मध्ये मिळाले, आणि कुड्रो यांचे नाव यादीतून गेले.

आपल्या नाट्यसंघासाठी अधिक जवळचे उदाहरण देतो. बडोद्यातच पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावर मुंबई दूरदर्शनने मालिका केली, तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव घराघरांत पोहोचला. पण समोर बाळ कर्वे यांचा भारदस्त गुंड्याभाऊ नसता, तर चिमणरावाची धांदल इतकी खुलली असती का? विनोद दोघांच्या मध्ये घडतो, आणि पारितोषिक एकाच्या हाती द्यावे लागते. म्हणून अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डने, आपल्या पुरस्कारांत संपूर्ण नटसंचासाठी स्वतंत्र विभाग ठेवला आहे. १९९६ च्या सोहळ्यात विनोदी मालिकेसाठीचा तो पुरस्कार ‘फ्रेंड्स’च्या सहाही कलाकारांना मिळाला, आणि त्यात कॉक्स होत्या. माझ्या दृष्टीने या मालिकेला मिळालेला सर्वांत नेमका सन्मान तोच आहे. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांनीही नटसंचासाठी एक स्वतंत्र पारितोषिक ठेवावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या संघाला कधी आयोजकांशी बोलण्याची संधी मिळाली, तर हा विषय जरूर काढावा.

प्रश्न : भारतीय विनोदी कार्यक्रमाला एमी मिळू शकतो का?
— एक वाचक, मांडवी

उत्तर : वर ज्यांची चर्चा केली ते प्राइमटाइम एमी अमेरिकी निर्मितीसाठी, किंवा अमेरिकी निर्मात्यांचा सहभाग असलेल्या कार्यक्रमांसाठी असतात. अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांसाठी इंटरनॅशनल एमी आहेत आणि ते वेगळी संस्था देते. २०२० मध्ये ‘दिल्ली क्राइम’ला तेथे सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिकेचा पुरस्कार मिळाला. विनोदी विभागात २०२३ मध्ये वीर दास यांचा ‘लँडिंग’ हा एकपात्री कार्यक्रम विजयी ठरला. त्या वर्षी हा पुरस्कार विभागून देण्यात आला आणि दुसरा मानकरी होता ‘डेरी गर्ल्स’, उत्तर आयर्लंडमधल्या शाळकरी मुलींच्या टोळक्यावरचा सिटकॉम.