पाचगणीला टेबललँडवर घोड्यावरून रपेट मारली की मुलाला शिंका येतात, डोळे चुरचुरतात. घोड्याच्या केसांची ॲलर्जी असते का?

केसांची नाही, केसांना चिकटलेल्या प्रथिनांची. घोड्याच्या त्वचेचा कोंडा, लाळ आणि मूत्र यांत 'इक्यू सी १' नावाचं प्रथिन असतं. घोड्याच्या ॲलर्जीतला मुख्य आरोपी हाच. हे लिपोकॅलिन कुळातलं. कुत्र्या-मांजरांची काही त्रासदायक प्रथिनंही याच कुळातली. खोगिराखाली घाम येऊन पांढरा फेस धरतो ना, तो लॅथेरिन या प्रथिनामुळे. काहींना त्याचीही ॲलर्जी असते. कोंड्याचे बारीक कण हवेत तरंगत राहतात, कपड्यांवर बसून घरापर्यंत येतात. म्हणून घोड्याला हात न लावताही नाक वाहू शकतं.

पण टेबललँडवरचा लाल फुफाटा बघता सगळा दोष घोड्यावर ढकलू नका. साताऱ्यात ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची चाचणी करून घ्या, त्यात घोडाही तपासायला सांगा. तोवर रपेट बंद. घोड्याजवळून आल्यावर गाडीत बसण्याआधी कपडे बदला, हात-तोंड धुवा. धाप लागली किंवा छातीत घरघर झाली तर मात्र चाचणीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.