दगडी गोळे बघायला शिकताना

स्कॉटलंडच्या कोरीव दगडी गोळ्यांचं वेड लागलंय ना, मग ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. शस्त्र, वजनं, मानाचं चिन्ह असे तर्क ढीगभर आहेत. वजनांचा तर मला मुळीच पटत नाही. हे गोळे कुठल्याही एका मापात बसत नाहीत.

त्यापेक्षा एकच गोळा नीट बघ. एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातला, टोवी या गावी सापडलेला घे. मुठीत मावेल एवढा, चार उंचवट्यांचा. तिघांवर दाट वळणदार नक्षी आणि चौथा अगदी कोरा! धातूचं हत्यार नसताना, सुमारे ५००० वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातांनी हे केलंय. त्या कोऱ्या उंचवट्यापाशी मी आजही थबकतो.

असे ४०० हून अधिक गोळे सापडलेत, बहुतेक ईशान्य स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशर भागात. पण पुष्कळसे शेतात असेच हाती लागलेले, शेजारी काय होतं त्याची नोंदच नाही. म्हणून ऑर्कनी बेटांवरच्या स्कारा ब्रे, नेस ऑफ ब्रॉडगर या अश्मयुगीन वस्त्यांच्या जागी उत्खननात मिळालेल्यांकडे आधी वळ. संग्रहालयानं त्रिमितीय प्रतिमाही खुल्या केल्यात. त्या फिरवून बघ, उंचवटे मोज, वहीत स्वतः चित्र काढ.