पोटातला गोळा कोणाचा?

वाचकांचे प्रश्न : गेस्टाल्ट उपचारपद्धतीतली रूपकं आणि कल्पना

प्रश्न : मी समुपदेशनाचं काम नुकतंच सुरू केलं आहे. एक बाई सारखं म्हणतात, "सासरे घरात आले की पोटात गोळा येतो." मी म्हटलं, हा गोळा म्हणजे तुमची भीती. त्यांनी मान डोलावली आणि विषय तिथेच संपला. माझं काय चुकलं? – एक समुपदेशक, नाशिक

उत्तर : गोळा त्यांचा होता, अर्थ तुम्ही लावलात. मान डोलावली म्हणजे पटलं असं नाही. ‘मॅडम म्हणतायत तर असेल’ यासाठीही मान हलते. गेस्टाल्ट म्हणजे ‘आत्ता, इथे’ काय जाणवतंय यावर भर देणारी मानसोपचाराची पद्धत. तिच्यात रूपकाचा उलगडा करून सांगत नाहीत, माणसाला त्या रूपकात शिरू देतात.

पुढच्या वेळी शब्द आला तसाच उचला. ‘गोळा’ला ‘ताण’ म्हणू नका, ‘अँग्झायटी’ तर नकोच. आधी विचारा, आत्ता आहे का? नसेल तर सासरे येतात तो क्षण वर्तमानकाळात सांगायला लावा : कडी वाजते, ते चपला काढतात, मी ओट्यापाशी आहे. गोळा आला की त्या जागी हात ठेवू द्या. केवढा आहे, जड की हलका, गरम की गार, हलतो का? ‘लिंबाएवढा का?’ असं सुचवू नका. सुचवलंत की तो लिंबाएवढाच होतो. चार-पाच प्रश्न पुरेत. दहा विचारलेत तर ती उलटतपासणी होते आणि बाई पोटातून निघून डोक्यात जाऊन बसतात.

मग म्हणा, "आता तुम्हीच गोळा व्हा. ‘मी’पासून सुरू करा." समजा, त्या म्हणाल्या : "मी गोळा आहे. मी घट्ट आहे. मी हलत नाही. मी सुटलो तर ही काहीतरी बोलून बसेल." हे शेवटचं वाक्य तुमच्या ‘भीती’तून कधीच निघालं नसतं. इथे गोळा घाबरलेला नाही, तो तोंडावर पहारा देतोय.

मराठीत एक सोय आहे, ती वापरा. ‘तो सुटला तर’ म्हणजे बाई अजून बाहेरूनच बघताहेत. ‘मी सुटलो तर’ म्हणजे त्या गोळ्यात शिरल्या. आणि मध्येच नकळत ‘मी सुटले तर’ आलं, तर तिथे थांबा, व्याकरण सुधारू नका. "आत्ता ‘सुटले’ म्हणालात," एवढंच सांगा आणि गप्प बसा.

त्यानंतर बाईंनी गोळ्याला उत्तर द्यायचं, गोळ्याने बाईंना, दोन-तीन फेऱ्या. त्या वेळी तुमचं लक्ष शब्दांइतकंच मुठीवर, जबड्यावर, अडकलेल्या श्वासावर हवं. दिसलं ते बोला : "मूठ वळलीये." का वळली ते विचारू नका.

नवे लोक हमखास एक घाई करतात : "कल्पना करा, गोळा विरघळतोय." हे शिथिलीकरणाच्या ध्वनिफितीचं काम झालं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्नल्ड बायसर यांनी १९७० साली मांडलेला ‘बदलाचा विरोधाभासी सिद्धान्त’ नेमका याच्या उलट सांगतो : माणूस जे नाही ते व्हायला धडपडतो तेव्हा बदलत नाही, जे आहे ते पुरतं होतो तेव्हा बदलतो. पहारेकऱ्याचं म्हणणं ऐकून न घेता त्याला हाकललं, तर संध्याकाळी तो दुप्पट जोराने परत येतो.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पाय जमिनीला टेकलेले, नजर खोलीभर, पंख्याचा आवाज, आज काय वार. गोळा उघडा ठेवून बाईंना घरी पाठवू नका. घरी सासरे आहेतच.

प्रश्न : ‘गुलाबाचं झुडूप काढा’ हा उपक्रम सातवीच्या वर्गात घ्यावा का? पंचेचाळीस मुलं आहेत. एका मुलाने पूर्वी सगळं झाड काळं रंगवलं होतं. पालकांना बोलवायला हवं होतं का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : वर्गात चित्र काढून घ्या, बोलणं नको. मुलांसोबत गेस्टाल्ट पद्धतीने काम करणाऱ्या चिकित्सक व्हायोलेट ओकलँडर यांच्या १९७८च्या पुस्तकामुळे मुलांबरोबर काम करणाऱ्यांत हा उपक्रम परिचित झाला. त्यात चित्र निमित्तमात्र आहे, खरं काम नंतरच्या संवादात होतं. आधी डोळे मिटून दोन-तीन मिनिटं कल्पना : तू झुडूप आहेस. मुळं कशी आहेत? काटे? फुलं आहेत का? कुठे उभं आहेस, कुंपण आहे का, पाणी कोण घालतं? मग दहा-पंधरा मिनिटं चित्र. त्यानंतर मूल झुडूप होऊन बोलतं, मोठा माणूस त्याचेच शब्द लिहून घेतो. शेवटी एकेक वाक्य वाचून विचारायचं : "‘मला कोणी पाणी घालत नाही, पाऊस पडला तरच मिळतं.’ यातलं तुझ्या बाबतीत काही जुळतं का?" मूल "नाही" म्हणालं, की विषय सोडायचा. हे चव्वेचाळीस जणांसमोर होत नाही, होऊही नये.

काळ्या रंगाचं म्हणाल, तर कदाचित खडूच्या पेटीत तेवढाच खडू शिल्लक असेल. रंगावरून निदान करू नका, मुलाला विचारा. गुलाबाऐवजी बोगनवेल, शेवगा, बाभूळ काहीही चालेल. तुळस मात्र टाळा. मुलं लगेच शहाण्यासारखी बोलू लागतात.

प्रश्न : मी आयुष्यभर राग गिळला. याला इंट्रोजेक्शन म्हणतात ना? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : शब्द ‘गिळण्या’चाच असला तरी गोष्ट वेगळी. गेस्टाल्ट पद्धतीचे प्रवर्तक फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स यांनी मनाची तुलना खाण्याशी केली : दुसऱ्याचं मत न चावता पोटात ढकललं, तर ते पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. ते इंट्रोजेक्शन. समजा, ‘बाईच्या जातीने रागवू नये’ हे वाक्य तुम्ही गिळलंत. राग मात्र तुमचाच होता. बाहेर जायचा तो स्वतःकडे वळवलात, त्याला रेट्रोफ्लेक्शन म्हणतात. पहिल्यासाठी ते वाक्य ज्याचं, त्याच्या आवाजात मोठ्याने म्हणून बघा, मग आपल्या आवाजात उत्तर द्या : यातलं कुठलं ठेवायचं, कुठलं थुंकायचं. चावणं म्हणजे हेच.

प्रश्न : वडील मागच्या महिन्यात गेले. रिकाम्या खुर्चीवर ते बसलेत असं समजून घरीच एकट्याने बोलू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एकट्याने नको, आणि इतक्यात तर नकोच. यात त्या खुर्चीवर बसून वडिलांच्या वतीने उत्तरही आपणच देतो, आणि ते उत्तर कधीकधी फार मोठं येतं. त्या वेळी समोर जाणतं माणूस हवं. ज्यांना भास होतात किंवा भान सुटतं, त्यांच्यासोबत अनुभवी चिकित्सकही हे सहसा टाळतात. तूर्त पत्र लिहा, ‘बाबा’ अशी सुरुवात करून. बसल्या बैठकीत वीस मिनिटांहून जास्त नको, आणि लिहून झाल्यावर घरात कोणाशी तरी साधं काही बोला. जगणं नकोसं वाटत असेल, तर पत्र बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आधी फोन करा.