सासूबाईंना डिमेन्शिया आहे, एकटीच सांभाळते, हल्ली सारखी चिडचिड होते. मुंबईत मदत कुठे मिळेल?

ताई, चिडचिड होते म्हणून तुम्ही वाईट सून ठरत नाही. झोप पुरी होत नाहीये. मी वडिलांचं चार वर्षं केलं. डोंबिवलीच्या बहिणीला ‘जमेल तेव्हा ये’ म्हणायचो, तिला कधीच जमायचं नाही. ‘दर रविवारी दहा ते पाच तुझे’ म्हटल्यावर यायला लागली. (पहिल्या रविवारी मी नुसता झोपलो.) नणंद-दिरांना असाच नेमका वार द्या. रात्री भडभडून आलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. ज्येष्ठांसाठीच्या सोयींची चौकशी १४५६७ वर करा. ब्युरोतून बाई ठेवलीत तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस घरीच थांबा, सासूबाईंना नवा चेहरा पचायला वेळ लागेल.