‘फिट्स ऑफ रेज’ आणि दप्तरातला कांदा

शाळेच्या शेऱ्यात किंवा कार्यालयाच्या पत्रात आपल्या माणसाविषयी ‘रेज’ हा इंग्रजी शब्द आला, तर तो आजार समजायचा का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर नुसता अर्थ सांगून पुरे होत नाही, म्हणून एका आईची आणि तिच्या आठवीत शिकणाऱ्या मुलाची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

हे कुटुंब सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून चिंचवडला आले होते. वडील चाकणच्या कारखान्यात पाळीवर जात, आई घरी शिवणकाम करी. दोघांचेही शिक्षण मराठी माध्यमात झालेले, तर मुलगा सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकून आता इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दाखल झालेला. पहिल्या भेटीत आईने प्लास्टिकच्या पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून माझ्यासमोर ठेवले. त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : ‘फ्रीक्वेंट फिट्स ऑफ रेज इन क्लास.’ ती म्हणाली, “मॅडम, याला वर्गात फिट येतात असं शाळेनं लिहून दिलंय. घरी कधी आलेली नाही. मेंदूची तपासणी कुठं करायची तेवढं सांगा.”

मराठीत ‘फिट येणे’ म्हणजे आकडी येणे. इतकी वर्षे हा शब्द आपण त्याच अर्थाने वापरत आलो असल्यामुळे तिने काही चुकीचे वाचले, असे मला म्हणवत नाही. ‘रेज’चा अर्थ तिने मोबाइलवर शोधला, तेव्हा आधी ‘क्रोध’ आणि त्याखाली ‘उन्माद’ असे शब्द दिसले. आकडी आणि उन्माद हे दोन शब्द घेऊन ती तीन आठवडे जगत होती. नवऱ्याला तिने सांगितले नव्हते. कांदा हुंगवला की फिट उतरते असे लहानपणापासून ऐकलेले, म्हणून रोज सकाळी ती मुलाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक कांदा ठेवत होती.

हे सांगताना तिचा आवाज कापत होता. तिला कोणी हसू नये, असे मला फार वाटते. पण एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. आकडी आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीही उपयोग होत नाही. त्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकला तर तातडीने दवाखान्यात न्यावे.

मी आईला विचारले, “ताई, त्या वेळी त्याची शुद्ध हरपते का? हातपाय ताठ होतात, जीभ चावली जाते, नंतर काही आठवत नाही, असं शाळेनं सांगितलं आहे का?” तसे काहीच कोणी सांगितले नव्हते. मुलाशी एकट्याने बोलले, तेव्हा त्याला प्रत्येक प्रसंग बारकाईने आठवत होता : कोणता तास होता, मागच्या बाकावरून कोण हसले, कंपासपेटी कोणत्या भिंतीवर आपटली, सगळे. तरीही आजार नाही असे ठरवणे हे माझे काम नव्हे, म्हणून मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी मुलाला तपासले आणि पुढच्या चाचण्यांची गरज नाही असे सांगितले.

मग मी आईला त्या ओळीचा अर्थ उलगडून दाखवला. इंग्रजीत ‘फिट’ हा शब्द आकडीपुरता नाही. हसण्याची ‘फिट’ असते, खोकल्याची असते, तशी रागाचीही असते. आपल्याकडे हसण्याची आणि खोकल्याची उबळ येते, तीच ही उबळ. ‘रेज’ म्हणजे अनावर राग, ज्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा काही काळ सुटतो. हा शब्द लॅटिनमधल्या ‘रेबीज’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचे नावही त्याच शब्दाचे. कोशात वेडाची छटा दिसते ती या जुन्या मुळामुळे. आज मात्र इंग्रजी बोलणारा माणूस ‘रेज’ म्हणतो, तेव्हा त्याला वेड अभिप्रेत नसते. रस्त्यावर गाडीला गाडी घासली म्हणून होणाऱ्या मारामारीला तो ‘रोड रेज’ म्हणतो, आणि एखाद्या कपड्याची फार चलती असली तर त्यालाही ‘ऑल द रेज’ म्हणतो, जिथे रागाचा संबंधच नसतो. शब्द भाषा बदलताना अर्थही बदलतात. आपला ‘राग’ संस्कृतात आसक्ती होता, म्हणून तर गीतेतल्या ‘वीतरागभयक्रोध’ (ज्याची आसक्ती, भय आणि क्रोध गेले आहेत असा) या सामासिक शब्दात राग आणि क्रोध वेगवेगळे मोजले आहेत.

साध्या रागाला इंग्रजीत ‘अँगर’ म्हणतात आणि तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या दुःखवाचक ‘आंगर’वरून आला आहे. मुलाशी बोलताना मला या दुःखाच्या मुळाची पुन्हा पुन्हा आठवण झाली. गावी तो वर्गात पहिला येई. इथे धडा वाचताना उच्चार चुकला की मुले हसत, आणि दप्तरातला कांदा सापडल्यापासून त्याला ‘कांदा’ हेच नाव पडले होते. कांदा तिथे का आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते. आईने ते त्याला माझ्यासमोर सांगितले आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

‘रेज’ हा शब्द त्यालाही माहीत होता, पण मोबाइलवरच्या खेळातून. हरत आले की खेळ अर्धवट टाकून बाहेर पडणे म्हणजे ‘रेज क्विट’. म्हणजे बाईंना जो शब्द तक्रारीचा, आईला जो आजाराचा, तो मुलाला खेळातला होता आणि तिघेही एकाच ओळीवर बोलत होते.

मी त्याला मराठी शब्द उतरत्या क्रमाने लावायला सांगितले. त्याने संताप, राग, चीड, धुसफूस असे लावले आणि सर्वांत वर स्वतःच ‘रेज’ लिहिले. पुढे तीन आठवडे प्रत्येक प्रसंगाची नोंद वहीत करायची, आधी शरीरात काय जाणवले तेही लिहायचे, असे ठरले. आपल्या भाषेने इथे मोठी सोय केली आहे. मराठीत राग ‘येतो’, तो आवरता येतो, गिळता येतो, निवळतोही. ‘तू रागीट आहेस’ असे ऐकत वाढलेल्या मुलाला ‘तुला राग येतो’ हे वाक्य निराळे ऐकू येते. त्याच्या वहीत अकरा नोंदी झाल्या आणि त्यांपैकी एकच ‘रेज’ची होती. बहुतेक नोंदींत आधी कान तापल्याचे लिहिले होते. कान तापले की बाईंना विचारून पाणी प्यायला जायचे, अशी परवानगी आम्ही घेतली.

वर्गशिक्षिकांनाही मी भेटले. त्यांना ‘फार चिडतो’ एवढेच म्हणायचे होते. शेऱ्यात विशेषणाऐवजी प्रसंग लिहावा, अशी विनंती मी केली आणि ती त्यांनी मनापासून मानली.

काही वेळा मात्र प्रश्न खरोखर आजाराचा असतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2013 च्या निकषांनुसार कारणाच्या मानाने फार मोठे, आधी न ठरवता होणारे शाब्दिक उद्रेक किंवा हाणामारी सरासरी आठवड्यातून दोनदा आणि तीन महिने होत राहिली, किंवा वर्षभरात तीनदा इजा वा मोडतोड झाली, तर स्फोटक रागाच्या विकाराचा विचार करतात. तशी शंका असल्यास मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या सत्राचे प्रगतिपुस्तक आईने आणून दाखवले. बाईंनी या वेळी मराठीत लिहिले होते : ‘12 तारखेला वाचताना मुले हसली. पाणी पिऊन आला आणि उरलेला धडा पूर्ण वाचला.’ तिने ते मोठ्याने वाचले, एकदा माझ्यासाठी आणि एकदा शेजारी बसलेल्या नवऱ्यासाठी.