दख्खनचा सापळा लावला कुणी?

प्रश्न : तेलविहिरींवरच्या एका अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात ‘ट्रॅप’ हा शब्द पानोपानी येतो. तिथं ‘सापळा’ वापरला. मग एका प्रकरणात ‘डेक्कन ट्रॅप’ आला. तिथं ‘दख्खनचा सापळा’ करावं का? शिवाय रिझर्व्हॉयर, पोरॉसिटी, पर्मिअ‍ॅबिलिटी आणि कॅप रॉक यांना कोणते मराठी शब्द घ्यावेत? (एक अनुवादक, कोथरूड)

उत्तर : ‘दख्खनचा सापळा’ करू नका. हात जोडून सांगतो. गेल्या महिन्याभरात हा प्रकार मी तीनदा ऐकला. एकदा मराठीत डब केलेल्या माहितीपटात, एकदा भाच्याच्या प्रकल्पवहीत आणि तिसऱ्यांदा सिंहगडावर, पिठलं-भाकरीची वाट बघत बसलो असताना. एक उत्साही गृहस्थ शाळेच्या मुलांना कड्याकडे बोट दाखवून सांगत होते, “हा जो काळा खडक दिसतोय ना, याला म्हणतात दख्खनचा सापळा.” एका मुलीनं लगेच विचारलं, “कुणाचा सापळा? डायनोसॉरचा?” तिची काय चूक? मराठीत सापळा म्हटलं की उंदराच्या आधी हाडंच डोळ्यांपुढे येतात. आणि खरं सांगू, त्या गृहस्थांपेक्षा तीच जास्त जवळ होती. हा खडक ज्या लाव्ह्याचा झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आणि डायनोसॉर गेले तेही त्याच सुमाराला.

तुमच्या अहवालातले दोन ट्रॅप हे दोन निराळे शब्द आहेत. तेलवाल्यांचा ट्रॅप म्हणजे उंदराचाच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, त्याच्याकडे मागाहून येतो. दख्खनचा ट्रॅप मात्र स्वीडनहून आलाय.

स्वीडिशमध्ये ‘ट्रप्पा’ म्हणजे जिना. तिकडे वेस्टरयोटलंड नावाच्या प्रांतात किन्नेकुल्लेसारख्या टेकड्या आहेत. वरून सपाट, बाजूनं टप्प्याटप्प्यानं उतरत आलेल्या, डोक्यावर काळ्या कठीण खडकाची टोपी. अठराव्या शतकातल्या तिथल्या खनिजतज्ज्ञांनी त्या काळ्या खडकाला सरळ ‘ट्रप’ म्हणायला सुरुवात केली. जिन्याचा खडक, बस्स. तिथून शब्द जर्मन आणि इंग्रजी भूशास्त्रात गेला, आणि मग आपल्याकडे. कर्नल साइक्स हा साहेब मुंबई सरकारच्या नोकरीत पुण्याच्या आसपासचा मुलूख पायाखाली घालत होता. पक्षी, मासे, पिकं, बाजारभाव, जे दिसेल ते टिपून ठेवायचं हा त्याचा खाक्या. १८३० च्या दशकात त्यानं दख्खनच्या खडकांवरही लिहिलं, आणि हा ट्रॅप दख्खनला कायमचा चिकटला.

चिकटला तो योग्य जागी. लाव्हा एकदाच आला आणि थिजला असं झालं नाही. थरावर थर आले. थराचा घट्ट भाग ऊनपावसाला दाद देत नाही, तो उभ्या कड्याच्या रूपानं राहतो. बुडबुड्यांचा पोकळ, कुजका भाग झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर गवत येतं. वर पुन्हा कडा, पुन्हा उतार. पायरीची उभी बाजू आणि आडवी बाजू. राजगडाकडे एकदा या नजरेनं बघा. खाली कडा, मग माची, मग पुन्हा कडा, वर बालेकिल्ला. सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तिन्ही माच्या म्हणजे जिन्याचे रुंद टप्पेच. गड बांधणाऱ्यांना जिना आयता मिळाला होता, त्यांनी त्याला कठडे घातले. तेवढं लांब जायचं नसेल तर पर्वतीवर जा. १०३ पायऱ्या चढून वर गेलात की तुम्ही जिन्याच्या खडकावर बांधलेला जिना चढलेल्या असता.

आता आमच्या विद्वानांचं. मराठी विश्वकोशात या खडकाला ‘दक्षिण ट्रॅप’ म्हटलंय. विश्वकोशाबद्दल मला आदर आहे, पण इथं तो कमी करतो. दख्खन हा शब्द दक्षिण, प्राकृत दक्खिण असा उतरला, हे मला शिकवू नका. मामाकडे जायचं असताना आपण पणजोबांच्या नावाची पाटी शोधतो का? दक्षिण ही दिशा आहे, दख्खन हा मुलूख आहे. आणि अडवायचंच असेल तर दोघांनाही अडवता येईल, कारण हा खडक माळव्यात आहे, सौराष्ट्रात आहे, कच्छात आहे. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय. नाव सोयीचं असतं, सातबारा नसतो.

माझे एक स्नेही भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा हट्ट ‘सोपानाश्म’. सोपान म्हणजे जिना, अश्म म्हणजे दगड. संस्कृत उत्तम, अर्थ अचूक, आणि शब्द जन्मतः मेलेला. सोपान म्हटलं की पुणे जिल्ह्यातल्या माणसाला सासवड आठवतं, सोपानदेवांची समाधी आठवते. बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हा काळा खडक, आठवत नाही. शिवाय विहीर खोदणाऱ्यांकडे या खडकासाठी कातळ आहे, गवंड्यांकडे काळवत्री आहे. त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, समित्या मात्र बसल्या.

या शब्दाची खरी मौज वेगळीच आहे. गेली कित्येक वर्षं मी ती सांगत फिरतोय आणि लोक घड्याळाकडे बघतात. तुम्हीही बघा, पण वाचा. स्वीडनच्या माणसानं डोंगर पाहिला आणि त्याला जिना आठवला. आपण काय केलं? नदीकाठच्या पायऱ्यांना आपण म्हणतो घाट. ओंकारेश्वराचा घाट, आळंदीचा घाट. आणि डोंगर चढून जायच्या वाटेलाही म्हणतो घाट. कात्रजचा घाट, दिवे घाट, बोरघाट. मग ती अख्खी डोंगररांगच पश्चिम घाट झाली, वरचा प्रदेश घाटमाथा झाला, आणि मुंबईकरांनी आपल्याला घाटी ठरवलं. माझं म्हणणं असं, की कोकणातून सह्याद्रीकडे मान वर करून बघणाऱ्या कुणा वाटसरूला त्या आडव्या काळ्या पट्ट्यांमध्ये पाण्याकाठच्या पायऱ्याच दिसल्या असणार. म्हणजे ट्रप्पा आणि घाट ही एकाच दृश्याची दोन नावं. स्वीडनवाल्यानं खडकाला नाव दिलं, आपण वाटेला दिलं.

प्राध्यापक महाशय यावर हसतात. म्हणतात, कन्नडमध्ये घट्ट आहे, आणि खाली दक्षिणेत घाटाचा खडक ट्रॅप नाहीच, तिथं पट्टेबिट्टे दिसत नाहीत. मग शब्द तिथं कसा रुजला? काशीच्या घाटाशी तरी तुमच्या लाव्ह्याचा काय संबंध? ही अडचण मला ठाऊक आहे. तिला माझ्याकडे उत्तर नाही. पण पावसाळ्यात माळशेजच्या पायथ्याशी उभं राहावं, प्रत्येक पायरीवरून पाणी खालच्या पायरीवर पडताना बघावं, आणि मग मला सांगावं की हा घाट नव्हे. (भांड्याचा ‘घाट’ निराळा, तो घडण्यातला. तो मध्ये आणू नका, आधीच गर्दी झालीय.)

आणखी एक पायरी खाली उतरू. आत्ता मी दोन ट्रॅप दोन निराळे शब्द म्हणालो ना? ते आजच्या भाषेत. मुळाशी गेलं तर व्युत्पत्तिकार दोघांनाही जर्मानिक कुळातल्या ‘पाऊल टाकणं’ या एकाच अर्थाशी नेऊन भिडवतात. ज्यावर पाय ठेवून चढायचं तो जिना, ज्यात पाय पडला की अडकायचं तो सापळा. पाय तोच. यात परकं वाटण्यासारखं काही नाही. आपल्या पायातून पायरी निघाली, आणि घोड्याच्या पायात अडकवायचा पायबंदही आपण बोलतो. पायबंद फारसीतून आला हे खरं, पण फारसीतला पाय आणि आपला पाय चुलतभाऊच. पायरी आणि पायबंद. ट्रॅप आणि ट्रॅप. मला हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा मी लक्ष्मी रस्त्यावर भर गर्दीत थांबलो होतो, आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझा योग्य शब्दांत समाचार घेतला.

असो. तुमचा अहवाल.

‘डेक्कन ट्रॅप’ला ‘दख्खन ट्रॅप’ लिहा आणि पुढे चला. तेलाच्या ट्रॅपला ‘सापळा’ रूढ होत चाललाय, लिहिलात तर मी भांडायला येणार नाही. पण मनातलं सांगतो. सापळा म्हटला की कुणीतरी आमिष लावून बसलेलं असतं. इथं कुणी बसलेलं नाही. तेल खोल खडकात तयार होतं, पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे खडकाच्या बारीक बारीक फटींतून वर वर सरकत राहतं. वाटेत काही आडवं आलं नाही तर थेट जमिनीवर येऊन वाया जातं. आसामात एकोणिसाव्या शतकात लोकांना तेल दिसलं ते असंच पाझरलेलं. पण वरचा थर पालथ्या वाटीसारखा वाकलेला असेल आणि त्यातून आरपार जाता येत नसेल, किंवा विभंगामुळे, म्हणजे खडकाला तडा जाऊन थर सरकल्यामुळे, वाट मध्येच तुटून समोर बंद खडक आला असेल, तर तेल तिथं तुंबतं. याला मराठीत शब्द आहे. कोंडी. संध्याकाळी साडेसहाला विद्यापीठ चौकात जाऊन बघा, पेट्रोलियम भूशास्त्राचा पहिला धडा फुकट मिळेल. दुचाकीवाले फटीफटीतून सगळ्यांच्या पुढे, तो वायू. त्यांच्यामागे मोटारी, ते तेल. आणि सर्वांत मागे पीएमपीच्या बस, ते पाणी. तेलाच्या खडकात वरून खाली नेमका हाच क्रम लागतो. ‘तेलकोंडी’ करा, मी पाठीशी आहे.

रिझर्व्हॉयरला ‘जलाशय’ करू नका, ‘तेलाचा जलाशय’ तर मुळीच नको. ‘तेलाशय’ चालेल. आशय म्हणजे साठून राहायची जागा, जसा गर्भाशय, मूत्राशय. फक्त वाचकाला जमिनीखाली तेलाचं तळं दिसणार नाही याची काळजी घ्या. वर्तमानपत्रांनी त्या तळ्यात होड्या सोडायच्या तेवढ्या बाकी ठेवल्यात. चहात बुडवलेली खारी डोळ्यांपुढे आणा. चहा खारीत असतो, पण खारीत तळं नसतं. मुंबई हायमध्ये १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजानं शोधलेलं तेलही असंच, चुनखडकाच्या छिद्रांत बसलेलं. (त्यातला ‘हाय’ म्हणजे खडकाचा उंचवटा, हायकोर्टातला हाय नव्हे. हेही एकदा ऐकलंय.)

पोरॉसिटी म्हणजे सच्छिद्रता, पर्मिअ‍ॅबिलिटी म्हणजे पार्यता. या दोघींना एक समजणं ही पुढची चीड. सच्छिद्रता म्हणजे जागा किती, पार्यता म्हणजे वाट किती. जुन्या वाड्यात खोल्या पुष्कळ असाव्यात आणि एकीतून दुसरीत जायला दारच नसावं, तसा आपला बुडबुड्यांचा बेसाल्ट. छिद्रंच छिद्रं, पण एकमेकांशी बोलणं नाही. पुढे त्या छिद्रांत खनिजं भरतात. वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज जगभरचे संग्राहक हुडकत येतात, ते याच बंद खोल्यांमधलं. अशा खडकातून पाणी मिळायचं तर त्याला भेगा पडलेल्या असाव्या लागतात, आणि तेलाचंही तसंच. सामान्य वाचकासाठी लिहीत असाल तर ‘साठतं किती’ आणि ‘झिरपतं किती’ एवढं पुरे. मुरणं, पाझरणं, झिरपणं, ठिबकणं, निथळणं. पाण्याच्या चालीची एवढी क्रियापदं असलेल्या भाषेनं पार्यतेसाठी कोश धुंडाळायचा म्हणजे कमाल आहे.

पेट्रोलियमचं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. दगडाचं तेल ते रॉक ऑइल, ते आजीचं रॉकेल. सगळ्यांना ठाऊक असतं.

एक मात्र अहवालात नक्की येईल, म्हणून आधीच सांगतो. गुजरातेत वडोदऱ्याजवळ पादरा नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथं तेल निघतं ते भेगाळलेल्या दख्खन ट्रॅपमधूनच. म्हणजे ट्रॅपमध्ये ट्रॅप, जिन्याखाली कोंडी. तिथं तुमचं संगणकावरचं भाषांतर ‘सापळ्यातला सापळा’ करील आणि कुणालाही पत्ता लागणार नाही. तुम्ही ‘दख्खन ट्रॅपमधली तेलकोंडी’ लिहा.

कॅप रॉक राहिलाच. तेलाला आरपार जाऊ न देणारा तो वरचा थर. झाकणखडक म्हणा.